‘कोसला’ : वाचकप्रियतेचे मर्म

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. अस्तित्ववाद, परात्मता, सॅलिंजरच्या कादंबरीशी साम्य या अंगांनी तिची चर्चा विपुल झाली. वाचकांनी तिला जीव लावला तो मात्र या कारणांसाठी नव्हे. पांडुरंग सांगवीकरचे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ अनेकांच्या बोलण्यात उतरले. ही उसनवारी वरवरची खरी, पण प्रमाणभाषेपुढे बुजणाऱ्या मुलाला तिने बोलते केले.

इतिहासाच्या पुस्तकात १७९५ च्या लढाईपुरत्या भेटणाऱ्या, जामखेड तालुक्यातील खर्ड्यासारख्या गावातून जो नगरला वा पुण्याला शिकावयास जातो, त्याला पांडुरंगचे वसतिगृह, मेस आणि वडिलांच्या पैशांचे ओझे समजावून द्यावे लागत नाही. पांडुरंग रिकाम्या हाती सांगवीला परततो, हेही त्याला परके वाटत नाही. या अपयशाला लेखक शिक्षा मानत नाही. वाचकाच्या आपुलकीचे मूळ बहुधा येथेच असावे.

तथापि ही आपुलकी निवडक आहे. वसतिगृहातील गमती चाहत्यांना तोंडपाठ असतात. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग सहसा कोणी आठवून सांगत नाही. वस्तुतः तेथे पांडुरंगच्या थट्टेचा आधार सुटतो आणि पोरवय संपते. तो भाग वगळून केलेले प्रेम अर्ध्याच कादंबरीवरचे होय.

महाविद्यालयाने ज्याला फारसे काही दिले नाही, त्याची ही कहाणी पुढे महाविद्यालयीन अभ्यासक्रमातच आली. आता ‘पांडुरंगचे व्यक्तिचित्र’ पाच गुणांसाठी लिहावे लागते, आणि मनीवर टीप क्वचितच विचारली जाते.