रोध पदार्थाचा की तुकड्याचा?

पुंज हॉल परिणाम शिकवताना आपण एका गोष्टीवर हमखास भर देतो. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना आढळलेल्या पायऱ्यांवर हॉल रोध म्हणजे २५,८१३ ओहम भागिले एक पूर्णांक. तुकडा कसाही कापा, तो बदलत नाही. हे खरेच आहे. पण त्यातून लागलेली सवय पुढचे वाचताना आड येते.

१९९९ मध्ये लिली, कूपर, आयझेनश्टाइन, फायफर व वेस्ट यांचा एक निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आला. गॅलियम आर्सेनाइडच्या अतिशुद्ध स्फटिकात पातळ थरात कोंडलेले इलेक्ट्रॉन, थराला लंब चुंबकक्षेत्र आणि ०.१५ केल्विनहून कमी तापमान. तिसऱ्या किंवा त्यावरच्या लांडाऊ पातळीचा एक भाग अर्धा भरला की विचित्र प्रकार घडतो. स्फटिकाच्या एका दिशेने प्रवाह सोडला तर रोध मोठा, तिच्या काटकोनात सोडला तर अगदी थोडा. अशा दिशेनुसार बदलणाऱ्या अवस्थेला असमदिक् म्हणायचे. पहिल्या दोन पातळ्यांत हे दिसत नाही, आणि तापमान वाढवले की तेही ओसरते. निबंधाचे खरे बळ येथे आहे. नुसता स्फटिकातला दोष असा येत-जात नसतो.

आक्षेप आहे तो आलेखाच्या वाचनावर. चौकोनी तुकड्यावरचे दोन रोध शेजारी ठेवून त्यांच्या प्रचंड गुणोत्तरालाच पदार्थाची असमदिकता समजण्याचा मोह होतो. शाळेत आपण रोध = रोधकता × लांबी ÷ क्षेत्रफळ हे सूत्र देतो, पण प्रवाह सगळीकडे सारखा पसरला आहे हे गृहीतक बहुधा उच्चारत नाही. येथे तेच मोडते. सोप्या दिशेने सोडलेला प्रवाह मधूनच सरळ निघून जातो. व्होल्टता मोजतो ती कडेच्या कोपऱ्यांवर, तिथे तो फारसा पोहोचतच नाही. अवघड दिशेने सोडलेला मात्र रुंदीभर पसरतो. म्हणजे रोधकतांमधला फरक माफक असला तरी रोधांमधला फरक कितीतरी पटींनी फुगतो. स्टीव्हन सायमन यांनी त्याच वर्षी हे गणिताने दाखवले. लांबट पट्टीवर मोजले तर गुणोत्तर बरेच खाली येते. शंका असमदिकतेची नाही, आकड्याची आहे.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे लोकप्रिय लेखांतली पट्ट्यापट्ट्यांची चित्रे. इलेक्ट्रॉन दाट-विरळ पट्ट्यांत मांडले जातील, हे भाकीत १९९६ मध्ये कुलाकोव्ह, फोग्लर व श्क्लोव्हस्की यांनी, तसेच मोसनर व चॉकर यांनी केले होते. ते या मोजमापांशी छान जुळते. पण या प्रयोगात मोजला गेला तो रोध. पट्टे कोणी पाहिले नाहीत. चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ एवढा शब्द छापायला काय हरकत आहे?

१९९९ मध्येच असेही आढळले, की चुंबकक्षेत्र तिरके केले तर सोपी आणि अवघड दिशा आपसांत बदलू शकतात. मात्र क्षेत्र लंब असताना इलेक्ट्रॉन स्फटिकाची नेमकी तीच दिशा का धरतात, यावर पुढे वर्षानुवर्षे खल होत राहिला.