'अधिक धान्य पिकवा': एका शासकीय वाक्याची चिकित्सा

शासनाची धोरणे अर्थशास्त्रज्ञ आकड्यांनी तपासतात; ती ज्या वाक्यांतून लोकांपर्यंत पोहोचतात, त्या वाक्यांची तपासणी सहसा होत नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथील तांदूळ येणे थांबले आणि 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. बियाणे, खते, विहिरी यांसाठी कर्जे व अनुदाने यांची जोड तिला होती. स्वातंत्र्यानंतर १९५१ पर्यंत धान्याची आयात बंद करण्याचा संकल्प झाला. प्रत्यक्षात त्या वर्षी ती आदल्या वर्षाहून पुष्कळच वाढली. या अपयशास फाळणी, अवर्षण अशी अनेक कारणे होती. प्रस्तुत टिपणात केवळ त्या वाक्याचा विचार कर्तव्य आहे.

वाक्य आज्ञार्थी असून 'तुम्ही' हा कर्ता अध्याहृत आहे. यात वावगे काही नाही. परंतु 'पिकवणे' हे 'पिकणे' या धातूचे प्रयोजक रूप होय. 'यंदा भात चांगले पिकले', 'हे शेत पिकते' असे शेतकरी म्हणतो, तेव्हा जमीन व पाऊस यांचा वाटा तो गृहीत धरतो. प्रयोजक रूपाने सारा भार एकट्या कर्त्यावर पडतो. शिवाय या वाक्यात अधिकरण नाही आणि संप्रदानही नाही. कोठे पिकवावयाचे व कोणासाठी, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात.

अधिकरणाचा हा अभाव मुळशीत विशेष जाणवतो. खोऱ्यातील भातखाचरे टाटांच्या जलविद्युत् योजनेत बुडू नयेत म्हणून तेथील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. लढा निष्फळ ठरला. धरण झाले, खाचरे बुडाली, आणि पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी भिरा येथील वीजगृहाकडे, म्हणजे कोकणात, वळविले गेले. पुढे 'अधिक धान्य पिकवा' ही हाक देशभर उठली, तेव्हा येथील नदीकाठची जमीन जलाशयाच्या तळाशी होती.

घोषवाक्य त्रोटकच असावयाचे, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य आहे. तथापि व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५२ मध्ये या मोहिमेची चौकशी केली, तेव्हा अन्नोत्पादन हे समग्र ग्रामजीवनापासून तोडून पाहिले गेले, हाच दोष तिला मुख्यतः आढळला. १९५३ ची राष्ट्रीय विस्तार सेवा ही त्या चौकशीची फलश्रुती होय. वाक्यात जे नव्हते ते योजनेतही नव्हते, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

'अधिक' हे विशेषणही तपासण्याजोगे आहे. ते केवळ माप जाणते. मुळशीचा आंबेमोहोर सुवासासाठी नावाजलेला, पण उताऱ्यात उणा. म्हणून मापाने दिलेल्या प्रोत्साहनात तो मागे पडणारच. २०२३ मध्ये शासनाने भरडधान्यांना 'श्री अन्न' असे गौरवनाम दिले. हेतू स्तुत्य आहे. परंतु वरकस उतारावरची नाचणी आणि वरई, तसेच पठारावरची ज्वारी व बाजरी, अशी भिन्न भूमींची पिके त्या एका नावात सारखीच होतात. येथेही अधिकरण लोपले आहे.

आयातीऐवजी स्वदेशी पीक घेण्याचे आवाहन आज डाळी व तेलबियांसंबंधीही ऐकू येते. अशा प्रत्येक आवाहनास आपल्या विद्यार्थ्यांनी प्रथम हे दोनच कारकप्रश्न विचारावेत: कोठे, आणि कोणासाठी? त्यांचे उत्तर ज्या योजनेत असेल, तिचे यशापयश मग अर्थशास्त्रज्ञांनी खुशाल मोजावे.