संकेताची तीन मिनिटे

ठरीव साच्याच्या गोष्टीविषयी आपल्या टीकाकारांचे मत पूर्वीपासून फारसे चांगले नाही. जी गोष्ट कशी सुरू होणार, कोठे वळणार आणि कशी संपणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते, ती फार तर करमणूक करील. तिला कलाकृतीचा मान द्यायला आपण सहसा तयार नसतो. हे गृहीत तपासून पाहायचे तर साचा जेथे अगदी उघडावाघडा असतो अशाच ठिकाणी जावे. म्हणून ह्या लेखासाठी मी जपानमधील महाकाय वीरांच्या जुन्या दूरचित्रवाणी-मालिका निवडल्या आहेत. मुलांसाठी केलेल्या, रबरी पोशाखातल्या प्राण्यांनी आणि पुठ्ठ्याच्या शहरांनी भरलेल्या ह्या मालिका पाहताना प्रथम हसू येते, आणि त्यात गैर काही नाही. पण हसू ओसरल्यावरही हाती पुष्कळ उरते, आणि ते साच्यामुळेच उरते, असे मला म्हणायचे आहे.

ह्या प्रकाराचे जनक त्सुबुराया एइजी. १९५४ च्या ‘गॉडझिला’ चित्रपटातील चमत्कृतिदृश्ये त्यांनी घडविली होती. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची निर्मितिसंस्था काढली. तिची ‘अल्ट्रा क्यू’ ही मालिका जानेवारी १९६६ मध्ये सुरू झाली. तीत अजस्र प्राणी होते, पण महाकाय वीर नव्हता. तो आला १७ जुलै १९६६ रोजी सुरू झालेल्या ‘अल्ट्रामॅन’मध्ये. ९ एप्रिल १९६७ पर्यंत रविवारी संध्याकाळी सात वाजता तिचे ३९ भाग दाखविले गेले, आणि ह्या भागांतच साचा पक्का झाला.

साचा असा : पृथ्वीवर काही अघटित घडते. विज्ञान-पथकाची पाच माणसे तपासाला निघतात. अजस्र प्राणी प्रकट होतो आणि पथकाची शस्त्रे तोकडी पडतात. मग पथकातला हायाता हा तरुण एकटाच बाजूला होतो, हातातली नळी उंच धरतो, आणि चाळीस मीटर उंचीचा रुपेरी-तांबडा वीर उभा राहतो. झटापट होते, हातांची फुली करून वीर प्रकाशकिरण सोडतो, शत्रू कोसळतो, वीर आकाशात निघून जातो. थोड्या वेळाने हायाता हात हालवीत परत येतो. हे सारे पंचवीसेक मिनिटांत.

२

ह्या साच्यातले दोन संकेत नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला वेळेचा. पृथ्वीवर ह्या वीराची शक्ती झपाट्याने ओसरते. त्याच्या छातीवरचा निळा दिवा तांबडा होऊन लुकलुकू लागतो, आणि निवेदक बजावतो की हा दिवा विझला तर वीर पुन्हा उठणार नाही. ही मर्यादा पुढे तीन मिनिटांची म्हणून रूढ झाली. वीराचे रूप ज्यांनी कल्पिले त्या नारिता तोरू ह्यांना हा दिवा मुळीच पसंत नव्हता. त्यांनी घडविलेल्या निर्मळ आकृतीवर तो मागाहून चिकटविलेला होता. २०२२ च्या ‘शिन अल्ट्रामॅन’ ह्या चित्रपटात तो काढून टाकून नारितांच्या मूळ कल्पनेचा मान राखला गेला. शिल्पकार म्हणून नारितांचे बरोबरच होते. पण गोष्ट सांगणाऱ्याला तो दिवा हवाच होता. सर्वशक्तिमान पात्राला गोष्ट नसते. पुराणकारांनीही हिरण्यकशिपूच्या वरदानात एक फट ठेवली, तेव्हाच नरसिंहाला खांबातून बाहेर येता आले. लुकलुकणारा दिवा ही तशीच फट आहे. तिच्यातून आत येते ते मरण, आणि मरण आले की अंगणातली कुस्ती संपून कथा सुरू होते.

दुसरा संकेत न विचारण्याचा. ऐन संकटात हायाता दर वेळी कोठे नाहीसा होतो, हे पथकातले कोणी विचारीत नाही. माझ्या पाचवीच्या वर्गातला कोणताही मुलगा हा प्रश्न दुसऱ्याच आठवड्याला विचारील. पण तोच मुलगा पडद्यासमोर बसला म्हणजे विचारणार नाही, कारण तो करारात सामील झालेला असतो. जपानी प्रेक्षकाला अशा कराराची सवय जुनी आहे. काबुकीच्या रंगमंचावर काळ्या वेषातला मदतनीस सर्वांसमोर वावरतो, आणि तो दिसत नाही असे सर्वांनी मानायचे असते. १९६९ पासून कितीतरी वर्षे चाललेल्या ‘मितो कोमोन’ ह्या मालिकेतही शेवटाकडे राजचिन्हाची डबी बाहेर निघणार आणि दुष्ट लोक गुडघे टेकणार, हे सगळ्यांना माहीत असे. काय होणार ही चिंता मिटल्यामुळे प्रेक्षकाचे डोळे कसे होते ह्याकडे मोकळे होतात.

आपल्याच संकेताची थट्टा करण्याइतका मोकळेपणा ह्या मालिकेत आहे. चौतिसाव्या भागात हायाता जेवणावरून धावत उठतो, गंभीर मुद्रेने हात उंच करतो, आणि त्याच्या हातात जादूच्या नळीऐवजी जेवणाचा चमचा निघतो. हा विनोद परक्याला कळणार नाही. त्यासाठी आधीचे तेहतीस भाग पाहिलेले असावे लागतात.

३

ह्या प्राण्यांसाठी जपानी शब्द आहे ‘काइजू’. आपण घाईने त्याचे भाषांतर राक्षस असे करतो, आणि तेथे फसगत होते. राक्षस म्हटला की अधर्म आला, आणि अधर्माचा वध हे पुण्य ठरलेलेच. काइजू म्हणजे विलक्षण पशू. तो वादळासारखा किंवा भूकंपासारखा येतो. तो नाश करतो, पण त्याच्यावर पापाचा शिक्का मारलेला नसतो. म्हणूनच त्याच्याविषयी दया वाटायला ह्या साच्यात आधीपासूनच जागा आहे. लेखक सासाकी मामोरू आणि दिग्दर्शक जिस्सोजी अकिओ ह्यांनी ती जागा ओळखली.

पंधराव्या भागात एका मुलाने काढलेले चित्र अंतराळकिरणांनी जिवंत होते. हा गावादोन काइजू काही करीत नाही, नुसता झोपतो. पण एवढा अवाढव्य प्राणी शहराच्या मधोमध झोपलेला मोठ्या माणसांना चालत नाही. अल्ट्रामॅन येतो तेव्हा पोरे त्याला मारू नको म्हणून ओरडतात. वीर गावादोनला आकाशात नेऊन त्याच्या तारका करतो आणि दर वर्षी ७ जुलैला तो भेटेल असे मुलांना सांगतो. ७ जुलै हा जपानमधील तानाबाताचा सण. आपण ज्यांना अभिजित आणि श्रवण म्हणतो त्या दोन ताऱ्यांची वर्षातली एकुलती एक भेट त्या दिवशी होते, अशी तेथली कथा आहे. पण मुलांचे त्याने समाधान होत नाही. त्या दिवशी पाऊस पडला तर, असे ती विचारतात. वडीलधाऱ्यांच्या गोड सांत्वनाला मुले नेमके असेच उत्तर देतात.

तेविसावा भाग जमिलाचा. राष्ट्रांच्या अंतराळस्पर्धेत एक अंतराळवीर वाट चुकून निर्जल ग्रहावर पडला. त्याला पाठविणाऱ्या देशाने आपले अपयश लपविले. पाण्यावाचून तगता तगता त्याचा देह बदलला आणि तो काइजू होऊन सूड घ्यायला परत आला. हे कळल्यावर पथकातला इदे शस्त्र उचलायला नकार देतो. आज जमिलावर आली ती पाळी उद्या आपल्यावर येईल, हे त्याला दिसते. वरून आज्ञा येते की त्याची ओळख जगाला कळू न देता त्याला केवळ एक काइजू म्हणून संपवावे. जमिला खेडे जाळू लागतो तेव्हा हाच इदे त्याला ओरडून विचारतो की तुझ्यात माणसाचे मन उरलेच नाही काय; आणि तो अजस्र देह क्षणभर थबकतो.

मग नेहमीप्रमाणे वीर येतो. जमिलावर आगीचा परिणाम होत नाही, पाण्याचा होतो. तेव्हा वीर जुळलेल्या हातांतून पाण्याचा लोट सोडतो. पाण्यासाठी तडफडून ज्याचे माणूसपण गेले, तो पाण्यानेच चिखलात लोळत मरतो, आणि त्याचा आवाज तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा होत जातो. शेवटी त्याच्या नावे गौरवाची पाटी बसते. थोरांचे शब्द नेहमीच असे सुंदर असतात, असे इदे कडवटपणे म्हणतो.

येथे साच्यातले एकही कलम बदललेले नाही. तपास, संघर्ष, वीराचे आगमन, विजय, सारे यथाक्रम आहे. बदलले आहे ते प्रेक्षकाचे मन. बावीस आठवडे ज्या क्षणाची त्याने आतुरतेने वाट पाहिली, तोच क्षण ह्या वेळी येऊ नये असे त्याला वाटते. आणि तो येणारच हेही त्याला माहीत असते. एरवीच्या स्वतंत्र कथेत लेखकाला ही अटळता कष्टाने उभी करावी लागली असती. येथे ती साच्याने आयती पुरविली आहे. बावीस साध्या भागांवाचून तेविसाव्याला ही धार आली नसती. त्यामुळे गंभीर भाग तेवढे वेचून बाकीचे पोरकट म्हणून टाकून देणाऱ्या रसिकांशी माझे जमत नाही.

४

पुढच्या ‘अल्ट्रासेव्हन’ (१९६७–६८) मालिकेत हीच युक्ती अधिक खोल गेली. तिच्या बेचाळिसाव्या भागाचे लेखक किंजो तेत्सुओ. समुद्रतळाशी राहणारे नोनमाल्ट हेच पृथ्वीचे मूळ रहिवासी असून माणसांनी त्यांना हुसकावले, असे एक मुलगा सांगतो. नायक दान हा परग्रहावरचा. त्याच्या देशी तर पृथ्वीवरच्या माणसांनाच नोनमाल्ट म्हणतात. तो गोंधळतो, तरी लढतो. पथकाचा प्रमुख क्षणभर अडखळतो आणि समुद्रतळाचे शहर उद्ध्वस्त करून समुद्रही आता आपला झाला म्हणून आनंद करतो.

किंजो हे ओकिनावाचे. १९४५ ची लढाई त्यांनी लहानपणी पाहिली होती. ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होते. तेव्हा नोनमाल्ट म्हणजे ओकिनावा, असा हिशेब मांडणे सोपे आहे. पण तेवढ्याने कथा संपत नाही. तो प्रमुख खलपुरुष नाही. एकेचाळीस भाग प्रेक्षक त्याच्याच बाजूने उभा राहिला आहे, आणि त्याचा जयजयकार ऐकताना आपणही कसले जयजयकार करीत आलो, हे प्रेक्षकाच्या ध्यानात येते.

ओकिनावाचेच उएहारा शोझो ह्यांनी ‘अल्ट्रामॅनचे पुनरागमन’ मालिकेच्या तेहतिसाव्या भागात (१९७१) आणखी एक पाऊल टाकले. परग्रहावरचा समजून गाव एका अनाथ मुलाचा छळ करते. पाववालाही त्याला पाव विकत नाही, तेव्हा त्याची मुलगी मागून धावत येऊन पाव देते आणि सांगते की ही दया नाही, आमचे दुकानच पावाचे आहे. जमाव चालून येतो, मुलाला सांभाळणारा परग्रहावरचा म्हातारा गोळीने मरतो, आणि त्याने जमिनीखाली कोंडून ठेवलेला काइजू मोकळा होतो. आता तेच लोक नायकाला आम्हांला वाचव म्हणतात. आणि नायक जागचा हालत नाही. १९२३ च्या भूकंपानंतर अफवांवरून कोरियन लोकांच्या ज्या हत्या झाल्या, त्यांची आठवण येथे यावी. वीर अखेर लढतो, भर पावसात. पण त्याने हात उंच करावा की नाही हा प्रश्न एकदा विचारला गेला, तो गेलाच.

साचा सर्वत्र इतका फळला असे नाही. पुढच्या मालिकांत वीराला भाऊबंद फार झाले. एक पडला तर दुसरे धावून येतात, आणि छातीवरचा दिवा लुकलुकला तरी मनात धडकी भरत नाही. संकेत पाळला जातो, पण त्याची किंमत कोणी मोजीत नाही. अशा वेळी साच्यावरचा आपल्या टीकाकारांचा आक्षेप मला मान्य आहे.

पहिल्या मालिकेने ती किंमत शेवटपर्यंत मोजली. एकोणचाळिसाव्या भागात झेत्तोन नावाच्या काइजूपुढे अल्ट्रामॅन हरतो. दिवा विझतो. झेत्तोनला मारतात ती पथकातली माणसे, स्वतःच्या शस्त्राने. वीर आपल्या ताऱ्याकडे परत जातो, आणि हायाता शुद्धीवर येतो तेव्हा पहिल्या भागातल्या अपघातानंतरचे त्याला काहीच आठवत नाही. इतक्या वेळा घडलेली गोष्ट ज्याच्या हातून घडली त्यालाच ठाऊक नाही. ती ठाऊक आहे फक्त रविवारी संध्याकाळी सात वाजता समोर बसलेल्या मुलांना.