‘स्मृतिचित्रे’तील मीठ

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना आपले अभ्यासक बहुधा धर्मांतराच्या कारणमीमांसेत किंवा भक्तिकाव्याच्या वारशात गुंततात. श्रद्धा बोलण्याच्या रीतीतून कशी प्रकट होते, हा प्रश्न भाषाशास्त्राचा म्हणून बाजूस ठेवला जातो. वस्तुतः तो टीकेचाही प्रश्न आहे, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे (१९३४ ते १९३६) मोल ठरविताना तो टाळता येत नाही.

पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात बोलण्याविषयी उपदेश आहे. तो मंडळीबाहेरच्या माणसांशी होणाऱ्या व्यवहाराच्या संदर्भात येतो, हे विसरता कामा नये. तेथे दोन कल्पना जोडीने येतात: ‘खारिस’ आणि मीठ. ग्रीक ‘खारिस’ या शब्दात अनुग्रह, मोहकपणा आणि कृतज्ञता हे तिन्ही अर्थ नांदतात. मराठीत रूढ झालेला ‘कृपा’ हा प्रतिशब्द त्यांपैकी पहिलाच अर्थ पेलतो. शिवाय कृपा ही थोराने लहानावर करावयाची असते. त्यामुळे कृपेने भरलेले बोलणे मराठी कानाला वरून खाली आल्यासारखे वाटते. मिठाची गत याहून चमत्कारिक आहे. आपण ‘तिखटमीठ लावून’ सांगतो ते कागाळी करताना, आणि मीठ चोळतो ते जखमेवर. संक्रांतीला गोड बोलण्याची विनवणी करणाऱ्या समाजाला खारट बोलण्याचा उपदेश कसा रुचावा?

तथापि भाषेच्या पोटात उत्तर आहे. ‘अळणी’ हा शब्द ‘अलवण’पासून आला, आणि ‘लावण्य’ही लवणापासूनच. आनंदवर्धनाने प्रतीयमान अर्थाला अंगनेच्या लावण्याची उपमा दिली, ती ते अवयवांहून निराळे, तरी त्यांतूनच जाणवते म्हणून. मिठाचेही तसेच आहे. पदार्थात ते दिसत नाही, नसले तर कळते. ‘खारिस’ला ‘लावण्य’ हा प्रतिशब्द सुचवण्याचे धाडस मी करीत नाही, परंतु दोन्ही कल्पना एका शब्दात सामावल्याचे हे उदाहरण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

आता मंडळीबाहेरच्यांविषयी बोलण्याची कसोटी लावून पाहू. एकोणिसाव्या शतकातील धर्मवादाचे वाङ्मय, मग ते मिशनऱ्यांचे असो वा १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांच्याशी वाद घालणाऱ्या विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांच्या पक्षाचे असो, प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यासाठी बोलते. लक्ष्मीबाईंजवळ अशा वादाला पुरेल एवढी सामग्री घरातच होती. सत्तावन्नच्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि पुढे वडिलांना सोवळ्याने पछाडले. दुसऱ्या एखाद्या धर्मांतरिताने या वेडाचा जुन्या धर्माविरुद्ध पुरावा केला असता. लक्ष्मीबाई त्याची मनमुराद गंमत सांगतात, पण त्यामागचा धसकाही वाचकापासून लपवीत नाहीत. वडील हास्यास्पद होतात, तुच्छ होत नाहीत. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ज्यांच्या आश्रयाने त्या राहिल्या, त्या आप्तांविषयीही हाच सूर आहे. १९०० साली स्वतः ख्रिस्ती झालेली लेखिका मागे राहिलेल्यांकडे उंचावरून पाहत नाही. ‘कृपा’ या शब्दातील वरून खाली येणारी दिशा येथे नाहीशी झालेली दिसते.

पतीच्या उल्लेखाची रीत तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी. नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या पिढीतील ही स्त्री ‘इकडून’, ‘तिकडून’ अशा आडपडद्याने लिहीत नाही. ‘टिळक’ म्हणते आणि क्रियापद आदरार्थी बहुवचनात ठेवते. आडनावाने बरोबरी साधते, क्रियापदाने मान राहतो. याच मधल्या अंतरामुळे टिळकांचा तापटपणा, लहरीपणा आणि हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन रिकामे होण्याची खोड ही सारी त्या कोणतीही भीडमुर्वत न धरता सांगू शकतात. ब्राऊन आणि गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या आधारे सत्ता आणि सलगी यांची मांडणी केली. मराठीत केवळ सर्वनामे पाहून भागणार नाही, हे विद्यार्थ्यांनी या पुस्तकावरून ताडून पाहावे.

लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी उपजत होती, तिचे श्रेय श्रद्धेला कशाला द्यावे, असा आक्षेप येईल. तो मला अंशतः मान्य आहे. उपजत विनोद डंख मारण्यासही तितकाच समर्थ असतो, आणि तो येथे मारीत नाही, एवढेच माझे म्हणणे. उलट टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुरे केले, तेथे श्रद्धा ओसंडून वाहत असूनही त्यांची वाणी मला पुष्कळदा अळणी वाटते. समोर चुकणारी, रागावणारी, घरातली माणसे नाहीत म्हणून असेल.