गावाकडे परतणं म्हणजे काय? : डॉन हेन्लीचा ‘कॅस काउंटी’

आज आपण एकच अल्बम घेऊन बसणार आहोत. डॉन हेन्ली म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आठवतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार हातात आली की कुणीतरी ते वाजवणारच! तो आवाज याच माणसाचा. २००० साली त्याचा ‘इनसाइड जॉब’ आला. मध्ये २००७ साली ईगल्सचा एक अल्बम झाला, पण स्वतःच्या नावावर पुढची पंधरा वर्षं काहीच नाही. मग सप्टेंबर २०१५ मध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, आला ‘कॅस काउंटी’. टेक्ससमधल्या ज्या काउंटीत तो वाढला, तिचंच नाव.

आता पहिला आक्षेप आपणच घेऊ. म्हातारपणी श्रीमंत रॉक गायकाला गाव आठवतं, तो पेडल स्टील गिटार मागवतो, चार मोठे पाहुणे बोलावतो. हा बाजाराचा हिशोब नाही कशावरून? पाहुण्यांची यादी बघा: डॉली पार्टन, मर्ल हॅगर्ड, मिरांडा लॅम्बर्ट, शिवाय मिक जॅगर. शंका यायलाच हवी.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. ईगल्सची सुरुवातच १९७१ मध्ये कंट्री रॉकपासून झाली. १९९३ मध्ये नॅशव्हिलच्या गायकांनी त्यांची गाणी गाऊन ‘कॉमन थ्रेड’ नावाचा अल्बम काढला, आणि दुसऱ्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. म्हणजे हेन्ली कंट्रीकडे गेला असं म्हणण्याआधी कंट्रीच त्याच्याकडे आलं होतं. रेडिओवरचं गुळगुळीत कंट्री घडवण्यात त्याचाही हात आहे. आणि गंमत अशी, की इथे तो नेमकं तेच टाळतो. तो त्याच्याही मागे जातो, लहानपणी ऐकलेल्या सुरांकडे. ‘व्हेन आय स्टॉप ड्रीमिंग’ हे लूव्हिन ब्रदर्सचं १९५५ सालचं गाणं तो डॉली पार्टनबरोबर गातो. डॉलीचा आवाज वर चढत जातो आणि हेन्ली खाली उभा राहून तिला जागा देतो. नावाजलेल्या गायकाला हे जमणं सोपं नसतं हो.

आमच्या मते अल्बमचा कस लागतो तो दोन गाण्यांत. ‘द कॉस्ट ऑफ लिव्हिंग’मध्ये मर्ल हॅगर्ड आहे. दोन म्हातारे जगण्याची किंमत मोजतायत, तक्रार न करता. हॅगर्डचा आवाज थकलेला आहे आणि तो थकवा झाकलेला नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये तो गेला. दुसरं ‘टेक अ पिक्चर ऑफ धिस’. सुरुवातीला वाटतं, नवरा-बायको जुने फोटो चाळतायत, छान चाललंय. शेवटी कळतं की तो घर सोडून निघालाय. आठवणींचा गोडवाच इथे उलटतो. नॉस्टॅल्जियाचा अल्बम स्वतःच नॉस्टॅल्जियावर संशय घेतो, ते इथे.

सगळंच असं उतरलंय का? नाही. ‘नो, थँक यू’मध्ये जुना शहाणा हेन्ली जागा होतो, आपल्याला उपदेश ऐकवतो. ‘व्हेअर आय अ‍ॅम नाऊ’मध्ये समाधान फार ठासून सांगितलंय, खरं समाधान इतक्या जोरात बोलत नाही. आणि स्टॅन लिंचसोबत केलेली निर्मिती कधीकधी इतकी स्वच्छ आहे की गावाची धूळच पुसली जाते. ‘वेटिंग टेबल्स’मधली हॉटेलात वाढपीण असलेली मुलगी जिवंत आहे, पण तिच्याभोवतीचं संगीत जरा जास्तच इस्त्री केलेलं.

तरीही ‘प्रेइंग फॉर रेन’ ऐका. आभाळाकडे बघणारा शेतकरी. त्यासाठी टेक्सस माहीत असायची गरज नाही. आपल्याकडे मराठवाड्यात ते गाणं कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

तर मग हे परतणं खरं की खोटं? आम्हाला वाटतं, प्रश्नच थोडा चुकीचा आहे. गाव सोडून गेलेला माणूस पूर्वीचा होऊन परत येत नाही. हेन्लीही नाही आला. तो आला पाहुणा म्हणून, आणि जिथे त्याने पाहुण्यासारखं अदबीनं वागायचं ठरवलं, तिथे गाणं लागलं. जिथे तो यजमान झाला, तिथे भाषण झालं.

आज घरी गेल्यावर हॅगर्डचं गाणं एकदा ऐका. दिवे मालवून.