‘लायन’, ‘डिअरेस्ट’ आणि ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न

‘लायन’ बघताना बहुतेक जण शेवटी रडतात, आई भेटते तेव्हा. मला त्यातला दुसराच प्रसंग सोडत नाही. कोलकात्यात हरवलेला पाच वर्षांचा सरू पोलीस ठाण्यात बसलाय. आईचं नाव विचारलं, तर त्याच्या लेखी ते ‘आई’ एवढंच. गावाचं नाव तो सांगतो, पण ते कुणी ऐकलेलं नसतं. तो म्हणत होता ते ‘गणेश तलाई’, म्हणजे खांडव्यातली एक वस्ती. पोरगा खरं बोलत होता, फक्त उच्चार चुकत होता. चित्रपट तिथे क्षणभर थांबतो आणि पुढे निघून जातो.

गार्थ डेव्हिसचा हा चित्रपट २०१६चा. सरू ब्रायर्लीच्या आत्मकथनावर बेतलेला. १९८६च्या सुमारास हा मुलगा बऱ्हाणपूर स्टेशनवर गाडीत झोपला आणि थेट हावड्याला पोहोचला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबाने त्याला दत्तक घेतलं. पंचवीस वर्षांनी गूगल अर्थवर रुळामागून रूळ धुंडाळत त्याने गाव शोधलं. पूर्वार्ध अप्रतिम आहे. सनी पवार या मुंबईच्या पोराने जे काम केलंय त्याला तोड नाही. उत्तरार्धात मात्र चित्रपटाचा हीरो लॅपटॉप होतो.

मी मूळ वर्ध्याचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. त्यामुळे असेल, पण मला तो लॅपटॉप हीरो वाटत नाही. एका बाजूला मुलगा हवी असलेली आई आहे, दुसऱ्या बाजूला आई हवी असलेला मुलगा आहे. दोन याद्या आहेत, एक हरवलेल्यांची आणि एक सापडलेल्यांची. त्या एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत, हा खरा अपघात. चित्रपट आपल्याला खांडव्याच्या पोलीस ठाण्यात एकदाही नेत नाही. तिथे कुणी काय लिहून घेतलं, किंवा घेतलंच नाही, हा प्रश्न त्याला पडत नाही.

वर्ध्यात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. हावडा-मुंबई मार्ग आमच्या दारातून जातो आणि शेजारच्या सेवाग्रामहून बल्लारशामार्गे चेन्नईची गाडी मिळते. हिंगणघाटला गाडीत बसलेलं पोरगं सकाळपर्यंत तिसऱ्या राज्यात असू शकतं. तिथली भाषा वेगळी, लिपी वेगळी. इकडे शहर पोलीस, स्टेशनात लोहमार्ग पोलीस, गाडीत आरपीएफ. प्रत्येकाची हद्द वेगळी आणि नोंद वेगळी. सापडलेलं मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं असतं. पण ते कुणाचं, हे कळायला आधी कुठेतरी ते ‘हरवलं’ असं लिहिलं जायला हवं.

याबाबतीत पीटर चॅनचा ‘डिअरेस्ट’ हा २०१४चा चिनी चित्रपट जास्त प्रामाणिक आहे. शेन्झेनमधल्या एका बापाचा लहान मुलगा पळवला जातो. बाप धावत पोलिसांकडे जातो, तर उत्तर मिळतं की अजून चोवीस तास झालेले नाहीत. पळवणारा मधल्या वेळात गाडी पकडून निघून गेलेला असतो. हा चित्रपट पोलिसांना खलनायक करत नाही. समोरचा शिपाई दुष्ट नाही, त्याच्यापुढे फक्त एक नियम आहे. उत्तरार्धात तर चॅन आपल्याला त्या मुलाला वाढवणाऱ्या खेड्यातल्या बाईजवळ नेऊन बसवतो आणि आपला सगळा राग अवघडून टाकतो. ‘लायन’ इतकी अडचण करत नाही. चीनने २०१६मध्ये अलिबाबाच्या मदतीने नवी यंत्रणा सुरू केली. मूल हरवलं की आसपासच्या मोबाइलवर सूचना जाते आणि तासागणिक वर्तुळ मोठं होत जातं. चोवीस तास थांबण्याच्या नेमकी उलट कल्पना.

प्रोग्रॅममध्ये ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ नावाची गोष्ट असते. माहिती नसेल तेव्हा काय धरून चालायचं, ते आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर. देशोदेशीचे पोलीस मुलं कशी शोधतात, हे वाचत गेलो तेव्हा कॅमेरे, ड्रोन, डीएनए यांपेक्षा हा फरक मोठा वाटला. मूल सापडत नाही आणि कारण माहीत नाही. मग काय धरून चालायचं? पळवलंय की पळालंय?

अमेरिकेत १९९०च्या कायद्याने पोलिसांना थांबायला मनाई केली आणि नोंद राष्ट्रीय संगणकात टाकणं बंधनकारक केलं. २००६मध्ये त्याला दोन तासांची मुदत आली. आपल्याला माहीत असते ती ‘अँबर अलर्ट’, टेक्सासमधल्या १९९६च्या घटनेनंतर आलेली. पण तिच्या अटी कडक आहेत. अपहरण झालंय असं पोलिसांना सकारण वाटलं तरच ती वाजते. घरातून रागाने निघून गेलेल्या पोरीसाठी कुणाचाही फोन वाजत नाही.

इंग्लंडमध्ये पोलीस जोखमीची पातळी ठरवतात. २०१३मध्ये तिथे ‘अनुपस्थित’ असा एक नवा वर्ग आला. म्हणजे हरवलेली नाही, फक्त जिथे असायला हवी तिथे नाही. अशांचा लगेच शोध घ्यायची गरज नव्हती. पुढच्याच वर्षी रॉदरहॅमचा चौकशी अहवाल आला. सोळा वर्षांत सुमारे १४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झाल्याचा त्यात अंदाज होता. त्यांतल्या अनेक मुली पुन्हा पुन्हा घरातून गायब व्हायच्या. त्या ‘स्वतःच्या मर्जीने’ वागतात, असं पोलीस धरून चालले होते. संगणक होते, माणसं होती, पैसा होता. डिफॉल्ट चुकीचं होतं.

आता आपल्याकडे या. २००६च्या डिसेंबरात नोएडाचं निठारी उघडकीला आलं. तिथल्या आईबापांना आधी काय ऐकावं लागलं होतं? पोरगी पळून गेली असेल, येईल. १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हे उत्तरच बदललं. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि उलट सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करीच धरून चालायची. आपल्या राज्यातले अपहरणाचे आकडे फुगलेले दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. ते पाहून घाबरण्याआधी हे लक्षात घ्यावं.

याची दुसरी बाजूही आहे. सतरा वर्षांची मुलगी प्रियकराबरोबर गेली की ‘फूस लावून पळवून नेले’ अशी बातमी येते आणि तो पोरगा आत जातो. कधी तो दोषी असतो, कधी आईबापांना जात आडवी येत असते. पण डिफॉल्ट म्हणजे निकाल नव्हे. शोध सुरू करायला ते पुरेसं आहे, शिक्षा द्यायला नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर दोष शोध घेण्याचा नाही.

माझ्या क्षेत्रातल्या लोकांना वाटतं की हे सगळं सॉफ्टवेअरने सुटेल. दिल्ली पोलिसांनी चेहरा ओळखणारी प्रणाली वापरून पाहिली. २०१८मध्ये चार दिवसांत जवळपास तीन हजार मुलं ओळखल्याची बातमी आली तेव्हा मीही ती उत्साहाने फॉरवर्ड केली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं की प्रणालीला मुलगा कोण, मुलगी कोण, हेही धड ओळखता येत नाही.

याउलट अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले राजेंद्र भोसले. हुद्दा सहायक उपनिरीक्षक. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्या ठाण्यात १६६ मुलींची मिसिंग दाखल झाली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६५ शोधल्या. उरलेली एक, सात वर्षांची असताना जानेवारी २०१३मध्ये शाळेच्या वाटेवर हरवलेली. निवृत्तीनंतरही भोसले तिला शोधत राहिले. ऑगस्ट २०२२मध्ये ती सापडली, घरापासून फार लांब नाही, अंधेरी-जुहू भागातच. तिच्यासोबत काम करणाऱ्या बाईने गूगलवर शोधलं, जुनं पोस्टर निघालं. पोस्टरवरचे बाकीचे फोन नंबर बंद पडले होते, शेजाऱ्याचा एक चालू होता.

इथेही गूगल आहे, पण ‘लायन’मधल्यासारखं नाही. नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी तिचं नाव नीट लिहिलं, फोटो लावला, नंबर दिले, म्हणून गूगलला सापडायला काहीतरी होतं. या गोष्टीत शेवटी मायलेकींची भेट आहेच, पण तिचा नायक एका साध्या ठाण्यातला, मुलीमागून मुलीची चौकशी करत राहिलेला माणूस आहे.

हरवलेल्या मुलांचे चित्रपट जवळजवळ नेहमी लहान, निरागस पोराचे असतात. ‘लायन’ पाच वर्षांच्या सरूचा आहे, ‘डिअरेस्ट’मधलं पोरही लहानच. आपल्या देशात २०२१मध्ये नोंद झालेल्या हरवलेल्या मुलांत चारांतल्या तीन मुली होत्या. पंधरा-सोळाची, मोबाइलवरून घरात भांडण झालेली, आर्वी नाहीतर देवळीच्या बसमध्ये बसून निघून गेलेली मुलगी कुठल्याच चित्रपटात दिसत नाही. तिची गोष्ट कुणी सांगितलेली नाही, म्हणून ठाण्यात ‘कुणाबरोबर गेली?’ हाच प्रश्न आधी येतो आणि गल्लीतही तोच येतो. ‘शेवटचं कुठे दिसली?’ हा प्रश्न मागाहून येतो, आणि गाडी पकडायची तर तोच आधी यायला हवा.

‘लायन’ जरूर बघा. पण बघताना कोलकात्याच्या त्या ठाण्यातल्या टेबलापाशी थोडं थांबा. चुकीच्या उच्चारातलं एक खरं नाव तिथे कुणीतरी ऐकलं होतं.