भिंतीपलीकडचा पगारदार

रॉक संगीत आणि मी यांच्यात फार दिवस एक भिंत होती. आमच्या दोन खोल्यांमधली. पलीकडे चिरंजीव गाणी ऐकायचे आणि अलीकडे मी भिंतीवर मूठ आपटायचो. ही मूठ बरोबर तालात पडते असा निकाल चिरंजिवांनी दिला, तेव्हा मी हात टेकले. एका रविवारी त्यानं होऊन मला आत बोलावलं.

"बाबा, हे ऐका. तुम्हाला आवडेल. यात हिशेब आहे."

मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा बापाला जास्त ओळखून असतात.

प्रकरण असं. पिंक फ्लॉइड नावाच्या इंग्रज वादकमंडळानं १९७९ च्या नोव्हेंबरात 'द वॉल' ही रेकॉर्ड काढली आणि १९८० व ८१ साली तिचे प्रयोग केले. आपल्याकडे नाटक कंपनी दौऱ्यावर निघाली की सांगली, मिरज, कोल्हापूर, इचलकरंजी करत जाते. यांच्या दौऱ्यात गावं चारच : लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि जर्मनीतलं डॉर्टमंड. प्रयोग एकतीस. जास्त हिंडता येईना, कारण सामान! प्रयोग चालू असताना रंगमंचावर पुठ्ठ्याच्या विटांची चाळीस फूट उंच भिंत रचत जायची, मध्यंतरापर्यंत ती पुरी करायची आणि शेवटी धडाधड पाडायची. हे रोज! आमच्या सोसायटीची कंपाउंडची भिंत एकदाच पडली. ती उभी करायला तीन सभा लागल्या आणि दोन कुटुंबांतलं बोलणं कायमचं बंद झालं.

बरं, भिंत पुरी झाली म्हणजे काय, तर वादक दिसेनासे झाले. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं भिंतीच्या मागून! तिकीट काढून आलेल्या माणसानं विटा बघत बसायचं. आपल्याकडे लोकांनी बुकिंगच्या खिडकीवर पैसे परत मागितले असते.

"पण असं करायचं कारण काय?" मी विचारलं.

कारण माँट्रियलमध्ये घडलं होतं. १९७७ च्या जुलैत, आधीच्या दौऱ्याच्या अखेरच्या प्रयोगाला, पुढे येऊन गोंधळ घालणाऱ्या एका श्रोत्यावर रॉजर वॉटर्स हा त्यांचा म्होरक्या चक्क थुंकला. मग त्याची त्यालाच लाज वाटली. आपल्यात आणि लोकांत एक भिंत उभी राहिली आहे, तर ती खरीच बांधून दाखवावी, असं त्यानं ठरवलं.

इथपर्यंत मी हसत होतो. इथे थांबलो.

आमच्याकडे एक पेन्शनर आजोबा येतात. हात थरथरतो, त्यामुळे सही जुळत नाही. गेल्या वर्षी एका १ तारखेला, रांग पार दरवाज्याबाहेर गेलेली असताना, तिसऱ्यांदा सही चुकल्यावर मी त्यांच्या नाकासमोर 'काउंटर बंद' ची पाटी ठेवली आणि चहाला गेलो. थुंकलो नाही, एवढंच. वॉटर्सनं आपल्या लाजेतून चाळीस फुटी भिंत उभारली. मी चहात साखर कमी आहे म्हणून कँटीनवाल्यावर ओरडलो.

तेव्हा या प्रयोगावर टीका करायला मी तसा लायक माणूस नाही. तरी करतो, कारण दोष ढळढळीत आहे. नायकाची ही तक्रारवही आहे. बाप महायुद्धात गेला, हे खरं दुःख. वॉटर्सचे वडील १९४४ साली इटलीत आंझिओला पडले. तिथे आवाजही खरा लागतो. पण पुढे मास्तर वाईट, आई वाईट, बायको वाईट. गेराल्ड स्कार्फ या व्यंगचित्रकारानं ही तिघं प्रचंड बाहुल्या करून मंचावर आणली होती. चित्रं जबरदस्त, पण हिशेब एकतर्फी. बाकी सगळे बाहुले आणि माणूस तेवढा मी एकटा! त्या बायकोची बाजू ऐकायला मला आवडलं असतं. (हे वाक्य माझ्या बायकोनं वाचलं आणि ती नुसतीच हसली.)

आणि आता हिशेब. इतका गाजलेला दौरा तोट्यात गेला. मंडळात मूळचे चौघे. पैकी पेटीवाला, म्हणजे कीबोर्ड वाजवणारा, रिचर्ड राइट. रेकॉर्ड तयार होत असतानाच वॉटर्सशी बिनसून त्याला काढून टाकलं होतं आणि प्रयोगांपुरतं पगारावर ठेवलं होतं. ज्या मंडळाचा तो मालक, तिथेच नोकर! पण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल, की नोकराचा पगार आधी नावे पडतो आणि मग नफा-तोटा निघतो. तोटा उरलेल्या तिघा भागीदारांच्या वाट्याला गेला. दौऱ्यातून पैसे घेऊन घरी गेलेला एकटा राइट!

हे ऐकून मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. जगातल्या तमाम पगारदारांच्या वतीनं.

"पण बाबा," चिरंजीव म्हणाले, "त्याला आनंद झाला असेल का?"

हा प्रश्न कॉमर्सच्या अभ्यासक्रमात नव्हता. पुढे २०१० ते २०१३ या काळात वॉटर्सनं एकट्याच्या नावावर हीच भिंत जगभर फिरवली, दोनशेवर प्रयोग केले आणि बक्कळ गल्ला जमवला. तो बघायला राइट नव्हता. २००८ सालीच तो गेला.

जुन्या प्रयोगांचं लंडनमधलं ध्वनिमुद्रण २००० साली निघालं, तेच आम्ही ऐकत होतो. भिंत कोसळते तो आवाज मोठा आहे, पण मला आवडलं त्यानंतरचं. विटांच्या ढिगापुढे सगळे साधी वाद्यं घेऊन येतात. वॉटर्सच्या तोंडाला क्लॅरिनेट आणि राइटच्या गळ्यात अ‍ॅकॉर्डियन. मालक आणि नोकर एका रांगेत, वरातीतल्या बँडसारखे. ना विटा, ना बाहुल्या. अख्ख्या प्रयोगातली ही सर्वांत स्वस्त दोन मिनिटं आणि माझ्या मते सर्वांत चांगली. भिंत बांधायला इतका खर्च केला नसता तर ती इतकी चांगली वाटली असती का, हे मात्र मला सांगता येत नाही. खर्च कुठल्या खात्यात टाकायचा तेवढं सांगता येतं.

पुढच्या १ तारखेला आजोबा आले. मी काउंटरच्या बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बाकावर बसलो, स्लिप भरली आणि सहीपुरता कागद घट्ट धरून ठेवला. सही जुळली.

आजोबांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. म्हणाले, "साहेब, तब्येत बरी आहे ना तुमची?"